पुरात गेलेली घरं आणि आमचं विम्याचं ऑफिस

विम्याच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप अंगाला चिकटतात! पूर ओसरला की आम्ही लोकांच्या घरात शिरतो. त्या वेळी घरातलं सगळंच अंगणात येऊन पडलेलं असतं. गाद्या, गहू, लग्नातले फोटो, नवरा-बायकोची भांडणंसुद्धा. अशा वेळी कोणी एखादं वाक्य बोलून जातं. बोलणारा विसरतो, आपण मात्र ते वर्षानुवर्षं घेऊन फिरतो.

मी खामगावची. घरांचे आणि दुकानांचे विमे काढून देते. गुरांच्या सरकी-ढेपेच्या दुकानावरच्या एका खोलीत आमचं ऑफिस आहे. एक टेबल माझं, दुसरं देशमुख साहेबांचं. हे काम मला त्यांनीच शिकवलं. रफिकभाईंचं ऑफिस पलीकडच्या गल्लीत, पण चहा आमच्याकडे. ते सर्व्हेअर आहेत, म्हणजे नुकसान झालं की जागेवर जाऊन पाहायचं, मोजायचं आणि कंपनीला कळवायचं, हे त्यांचं काम.

एका पावसाळ्यात सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी संग्रामपूरकडची गावंच्या गावं धुऊन नेली. माझ्याजवळचे बहुतेक किस्से त्याच पावसाळ्याच्या आगेमागे घडलेले.

*

देशमुख साहेब बोलण्यात फार पटाईत. पुराआधी एकदा आम्ही दोघं संग्रामपूरला एका कापड व्यापाऱ्याकडे गेलो. शेटजींनी नुकतंच टोलेजंग घर बांधलं होतं. विम्याचं नाव काढताच ते हसले.

"साहेब, नदी कोठी अन् माहं घर कोठी! लय दूर हाये."

"शेटजी," साहेब म्हणाले, "तुम्हाला नदीवर जायचं तर रस्त्यानं जावं लागतं, म्हणून दूर वाटते. नदीला यायचं असलं तर ती रस्ता शोधत बसत नाही!"

शेटजी खळखळून हसले. आम्हाला पोहे खाऊ घातले, चहा पाजला. पॉलिसी काही घेतली नाही.

पुरानंतर साहेब मला घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या घराचा विमा नव्हता, म्हणजे आमचं तिथं काही काम नव्हतं. पाणी खिडकीपर्यंत चढून गेलं होतं. घरात साठवलेलं कापड गाळात लोळत होतं. साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि शेटजींच्या मुलासोबत ते गठ्ठे बाहेर काढू लागले. विम्याचा शब्दही त्यांनी तोंडातून काढला नाही.

तो विषय शेटजींनीच काढला.

"साहेब, आलती ती. रस्ता न इचारता."

त्यानंतर आजपर्यंत साहेबांनी ते वाक्य कोणत्याही गिऱ्हाइकाला ऐकवलेलं नाही.

*

लोक मला नेहमी विचारतात, "मॅडम, घराचा विमा कंपल्सरी हाये का?" कायद्यानं कोणावर बळजबरी नाही. पण घरासाठी कर्ज काढलं, की बँक विमा मागते. आणि इथंच भल्याभल्यांचा घोटाळा होतो!

असंच एक जोडपं. नवरा एसटीत कंडक्टर, बायको घरी शिवणकाम करायची. बँकेचं कर्ज काढून त्यांनी नदीकाठच्या गावात दोन खोल्या बांधल्या होत्या. कर्जासोबत विमा झाला, आणि दोघं निश्चिंत झाले. पुरात घरातलं सगळं वाहून गेलं. कपाट, शिलाई मशीन, वर्षभराचे दाणे, मुलींची दप्तरं. तरी ती बाई शेजारणींना धीर देत होती. "आमचा विमा हाये ना, पाहू आमी तुमच्यासाठी बी काई."

रफिकभाई पाहणीला गेले. भिंती उभ्या होत्या, स्लॅब शाबूत होता. त्यांनी कागद पुन्हा पुन्हा वाचला. विमा होता, पण तो फक्त बांधकामाचा. बँकेला काळजी असते ती इमारतीची. आतल्या सामानाचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

रफिकभाईंनी अंगणात बसून दोघांना सगळं समजावलं. कंडक्टर मान खाली घालून ऐकत राहिला. बायको उठली, दारात उभी राहून आत बघू लागली. आत नुसता गाळ होता.

"म्हंजे बँकेचं घर वाचलं," ती म्हणाली. "आमचं गेलं."

रंग आणि दरवाजे यांचे थोडेफार पैसे त्यांना मिळाले. पुढच्या उन्हाळ्यात ती बाई एकटीच माझ्याकडे आली. मी बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात तिनंच हात वर केला. "मॅडम, भिंतीचं मले सांगू नका. आतलं काय काय बसते, तेवढं सांगा."

आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच पहिल्यांदा सांगते, भिंतींबद्दल नंतर बोलते.

*

इंगळे मॅडम संग्रामपूरला शाळेत शिकवायच्या आणि भाड्यानं राहायच्या. भाडेकरूलाही आपल्या सामानाचा विमा काढता येतो, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. त्या मला शोधत खामगावला आल्या. फ्रीज, पलंग, कपाट, भांडी आणि पुस्तकं, एवढाच त्यांचा संसार. पुस्तकं मात्र भिंतभर! वडिलांनी मजुरी करून त्यांना शिकवलं होतं, आणि पहिल्या पगारापासून त्या दर महिन्याला पुस्तक घ्यायच्या.

घरमालकाला कळलं तेव्हा त्यानं चावडीसमोर सगळ्यांना हसून सांगितलं, "घर माहं, अन् इमा या बाईचा! पाह्यलं का बे असं कुठं?"

पुराचं पाणी आलं. मॅडम मालकाच्या म्हाताऱ्या आईला घेऊन गच्चीवर गेल्या. मालक बाहेरगावी होता. वरून त्यांना दिसत होतं, त्यांची पुस्तकं एकेक करून दारातून बाहेर निघाली. म्हातारी रडायला लागली तेव्हा मॅडम तिला म्हणाल्या, "आजी, ती वाचून झालेली आहेत."

रफिकभाईंनी नंतर त्यांना नुकसान विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, पुस्तकंही त्यात धरली. क्लेम मंजूर झाला. मालकाच्या घराची मागची भिंत पडली होती, आणि त्याच्याकडे विमा नव्हता. आईला वाचवल्याबद्दल आभार मानायला तो मॅडमकडे आला. त्यानं हात जोडले. मग हळूच म्हणाला, "मॅडम, तुमच्या इम्यात माही येक भिंत बसन का हो?"

मॅडम हसल्या नाहीत. त्याला माझा नंबर दिला.

*

हा किस्सा खामगावातला. नाल्याकाठच्या वस्तीत एक सुतार राहायचा, रामदास नावाचा. दोन वर्षं त्यानं माझ्याकडून घराचा आणि सामानाचा विमा घेतला होता. ढगफुटीसारखा पाऊस झाला, नाला फुगला, आणि पाणी त्याच्या घरात शिरलं. रफिकभाई गेले तेव्हा मीही सोबत होते.

रामदास एकेक वस्तू दाखवत होता. गादी, मिक्सर, फ्रीज. कोपऱ्यात टीव्ही होता, चिखलानं माखलेला. रफिकभाई तो लिहायला लागले.

"तो नका लिहू साहेब. तो दिवाळीपासूनच बंद होता."

दारात शेजारी उभा होता. त्यानं कपाळावर हात मारला. "लिहू दे ना बे रामदास! साहेबाले काय मालूम? चिखल तं लागला हाये ना त्याले!"

रामदासनं टीव्हीवरचा चिखल हातानं पुसला.

"पान्यानं जे नेलं, ते नेलं. जे नाई केलं, त्याचा आळ त्याच्यावर कायले घालायचा?"

रफिकभाईंनी कागदावरचा टीव्ही खोडला. परत येताना गाडीत म्हणाले, "ताई, आज नाल्याची बाजू घेणारा माणूस भेटला!"

*

ही गोष्ट मी फारशी कोणाला सांगत नाही.

त्या पावसाळ्यात एका सकाळी मी ऑफिसचं कुलूप काढत होते आणि फोन वाजला. नंबर अनोळखी होता. मागून पाण्याचा मोठा आवाज येत होता.

"मॅडम, मी अनिल बोलून राह्यलो. तुमी मागं आमच्या गावात आलत्या, कार्ड देलं होतं. मले आत्ताच्या आत्ता इमा काढायचा हाये. पैसे फोनवरून पाठवतो."

"पाणी कुठपर्यंत आलंय?"

"ओट्याले लागलं."

पाणी दारात आल्यावर पॉलिसी निघत नाही. मी त्याला तसं सांगितलं. तो चिडला, शिव्या द्यायच्याच बाकी राहिल्या. "गावात येता तवा गोड गोड बोलता, अन् आता नाही म्हनता? मग कार्ड काऊन देलं?"

मी विचारलं, "घरात कोण आहे?"

"मी अन् माय. मायले चालता येत नाई."

"मग घर सोड, अनिल. फोन खिशात ठेव, मायला पाठीवर घे आणि शाळेकडे जा. शाळा उंचावर आहे, मी पाहिली आहे. आत्ता नीघ!"

फोन कट झाला. दिवसभर मी तो नंबर लावत होते आणि तो बंद येत होता. साहेबांनी मला घरी जायला सांगितलं, मी गेले नाही.

दोन आठवड्यांनी तो स्वतः जिना चढून वर आला. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. पंचविशीचा असेल. घर गेलं होतं, जमिनीसकट. नदीनं काठच खाल्ला होता.

"तुमच्यावर लय रागावलो होतो," तो म्हणाला. "मायनं पाठवलं. म्हने, जिनं घर सोड म्हनलं, तिले पाहून ये."

*

आता शेवटचा. हा खरं तर रफिकभाईंचा किस्सा, पण ते सांगत नाहीत, म्हणून मी सांगते.

पुरानंतर ते सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात पाहणीला गेले होते. पक्क्या घराची केस होती. ती उरकून ते गाडीकडे निघाले, तर शेजारच्या ढिगाऱ्यावरून एका म्हातारीनं हाक मारली. कौसाबाई तिचं नाव.

"ओ भाऊ, इकडं बी या ना."

"मावशी, तुमच्या घराचा विमा आहे का?"

"कायचा इमा बापा? मातीचं घर होतं."

मातीच्या भिंतींचं घर आमच्या पॉलिसीत बसत नाही. रफिकभाईंना तेवढं सांगून निघता आलं असतं. पण ती त्यांच्या हातातल्या मोजायच्या टेपकडे पाहत होती. तेव्हा ते ढिगाऱ्यावर चढले.

ती दाखवत गेली. "इथं चूल होती. इथं माहा मालक निजे. हे दार सासऱ्यानं बसवलं होतं, सागाचं." जिथं ती बोट ठेवायची, तिथं रफिकभाई टेप लावायचे.

"मावशी, ही भिंत किती उंच होती?"

तिनं हात डोक्याच्या वर नेला. रफिकभाईंनी जमिनीपासून तिच्या हातापर्यंत मोजलं. आणि मग स्पष्ट सांगितलं, "मावशी, याचे पैसे माझ्याकडून येणार नाहीत. तलाठी येतील, त्यांना सगळं असंच दाखवा."

"हाव," ती म्हणाली, आणि शेजारणीकडून त्यांना प्यायला पाणी आणून दिलं.

पुढं तिला सरकारी घरकुल मिळालं. विटांची एक खोली, वर स्लॅब. एके दुपारी ती कठडा धरत धरत आमचा जिना चढून आली आणि माझ्यासमोर बसली.

"मॅडम, माह्या घराचा इमा करा."

मी तिला सगळं समजावलं. पुराचं पाणी शिरलं तर काय मिळतं, भिंत पडली तर काय, सामानाचं वेगळं कसं असतं, कळवायचं कोणाला आणि किती लवकर. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"मावशी, समजतंय ना? पैसे कधी मिळतात, कधी नाही मिळत, ते नीट ऐका."

"पैसे आले तं आले, नाई आले तं नाई," ती म्हणाली. तिच्या मागच्या खुर्चीत रफिकभाई चहा पीत बसले होते. तिनं त्यांना पाहिलं नव्हतं. "मले येवढंच सांगा मॅडम. इमा असला म्हंजे तो टेपवाला भाऊ पाह्याले येते ना?"