गॅरंटीवाल्याची हार्ड डिस्क

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, आता काहीच जात नाही, सगळं आपोआप जपलं जातं." हाच सूर मी सुरतेत एका माणसाच्या तोंडून ऐकला होता. तुमच्या आजोबांनी त्यावर विश्वास ठेवला. म्हणून हे लिहायला बसले.

आमच्या गल्लीत त्याला गॅरंटीवाला म्हणत. तुमचा प्रश्न संपायच्या आत तो मांडीवर थाप मारून "गॅरंटी!" म्हणे. मूळचा खानदेशी, आधी मागावर जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचा. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरचं वारं आलं तसा तो सुटे भाग जोडून कॉम्प्युटर विकू लागला. डोकं मात्र मागावरच राहिलं.

"जे फिरतं ते मरत नाही, बेन," हे त्याचं सगळं शास्त्र. खरं नेमकं उलटं. कॉम्प्युटरमध्ये जे फिरतं तेच आधी जातं, पंखा आणि हार्ड डिस्क. चिपा बिचाऱ्या मुकाट्याने वर्षानुवर्षं चालतात. मी हे एका इंग्रजी मासिकात वाचून त्याला सांगितलं.

"तो मासिकवाला कधी मागावर उभा राहिला का?" एवढं बोलून त्याने चहा मागितला.

मागांच्या सुट्टीच्या दिवशी कारागीर यंत्रांना तेल देत. हाही तेलाची कुपी घेऊन आमच्याकडे येई आणि कॉम्प्युटरच्या पंख्यात मागाचं तेल ओती. समोरच्या मागांच्या शेडमधून उडणारे तंतू त्या तेलाला चिकटत. पंख्याला दाढी आली. तो घरघरू लागला, तेव्हा म्हणाला, "आवाज येतो म्हणजे जीव आहे, बेन!" इतका आत्मविश्वास मी दुसऱ्या कुठल्याही अज्ञानी माणसात पाहिला नाही.

आजोबा तेव्हा अहिराणी शब्द गोळा करत होते. रविवारी सुरतेजवळच्या कडोदऱ्याला जायचे, मागवाल्यांच्या घरी बसायचे, म्हाताऱ्यांकडून शब्द काढून घ्यायचे. तिथली मुलं गुजराती नाहीतर हिंदी बोलू लागली होती, म्हणून आजोबांना घाई होती. घरभर कागद साचले, तेव्हा त्यांनी ते सगळे कॉम्प्युटरवर उतरवले.

मी म्हटलं, "फ्लॉपीवर एक प्रत ठेवा."

"फ्लॉपी? बुरशी लागली की गेली!" गॅरंटीवाला मध्येच बोलला. फ्लॉपीविषयी तो खोटं बोलला नाही. पण दोन कच्च्या वस्तू सहसा एकाच दिवशी मरत नाहीत, एवढी साधी गोष्ट त्याला कळत नव्हती. "हार्ड डिस्क म्हणजे दगड आहे, साहेब. हे कागद कशाला? वाळवी लागेल." आणि त्याने स्वतः, आमच्यावर उपकार म्हणून, ते गठ्ठे स्कूटरवर लादून रद्दीवाल्याकडे पोचवले.

पुढच्या उन्हाळ्यात पंखा थांबला. पेटी इस्त्रीसारखी तापली, डिस्क दोन-चार वेळा टकटकली आणि गप्प झाली. गॅरंटीवाला आला, उघडून बघितलं आणि हसला.

"चिंता नको, साहेब. गॅरंटी आहे ना! नवी डिस्क बसवतो, फुकट."

"आणि शब्द?" आजोबांनी विचारलं.

"ते परत टाईप करा ना. कागद तर असतीलच."

 मला वाटलं, आता तरी याला स्वतःची स्कूटर आठवेल. त्याला आठवलं नाही. त्याने कोरी डिस्क बसवली, पंख्यात तेल घातलं आणि चहा पिऊन गेला.

आजोबा त्यानंतर नवी वही घेऊन कडोदऱ्याला गेले. काही म्हातारे गावी परतले होते, काही वारले होते. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी वही कपाटात ठेवली, आणि पुन्हा ती काढली नाही.

गॅरंटीवाला पुढे कामरेजला गेला आणि इन्व्हर्टर विकू लागला. आजोबा गेल्यावर भेटायला आला. "साहेब मजबूत माणूस. असे जातील वाटलं नव्हतं," म्हणाला. मी त्याला चहा दिला नाही.

प्रिंटर आणला त्या दिवशी शाई नीट उमटते का बघायला आजोबांनी एक पान छापलं होतं. त्यावर स्वयंपाकघरातले अहिराणी शब्द आहेत. ती मेलेली डिस्क मी त्या पानावर ठेवते, छताच्या पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून. त्या संग्रहातलं तेवढं एक पान उरलं आहे.