डेअरीच्या भिंतीवरचे दोन समुद्र

आमच्याकडे पाऊस कमी आणि पावसाचे सत्कार जास्त. इंदापूर तालुक्यातल्या शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर अंगणात पर्जन्यमापक बसवला आणि दूध डेअरीच्या भिंतीवर एक फळा टांगला. सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा आणि आकडा तिथं लिहायचा. दूध घालायला सगळं गाव येतं, म्हणून जागा ती.

आकड्याखाली दोन ओळी असतात. प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर. कुठलं पाणी नेहमीपेक्षा गरम, कुठलं थंड, ते हवामान खात्याच्या आकड्यांवरून. सुरुवातीला एकच ओळ होती, प्रशांतची. तेव्हा गावातले तात्या दुधाची किटली खाली ठेवून, बशीत चहा ओतता ओतता म्हणाले होते, "बाई, तुमचा समुद्र कुठं, आमची बाजरी कुठं! तितलं पाणी तापल्यावर हितं ढग का रुसत्यात?"

मी त्यांच्याच बशीतल्या चहावर फुंकर घातली. चहा पलीकडच्या काठाला चढला.

"हा वारा. पूर्वेकडून वाहतो आणि वरचं गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला गोळा करतो. तिथं हवा तापून वर चढते, ढग होतात. आता वारा मंदावला." मी फुंकर थांबवली. "गरम पाणी मागं सरकलं, ढग त्याच्यामागं गेले. तिकडं वर चढलेली हवा कुठंतरी उतरणारच. अशा वर्षी ती बऱ्याचदा आपल्या डोक्यावर उतरते, आणि उतरत्या हवेत ढग धरत नाही."

"मंग आधी बिघडतं कोण? वारा का पाणी?"

"वारा मंदावला की पाणी सरकतं, आणि पाणी सरकलं की वारा आणखी मंदावतो."

"म्हंजी भावकीचं भांडान," असं म्हणून तात्यांनी चहा संपवला. इतकी नेमकी व्याख्या मला तीस वर्षांत सुचली नव्हती.

त्या यशानं मी शेफारले. प्रशांत तापलेला पाहून जूनमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं, 'यंदा पाऊस बेताचा.' तात्यांनी माझ्या शब्दावर माळाचं रान पेरलं नाही. आणि मग आफ्रिकेच्या बाजूचं हिंदी महासागराचं पाणी तापलं, सुमात्राच्या बाजूचं थंड राहिलं, आणि ढग भरभरून आले. शेजाऱ्यांची बाजरी कमरेला लागली. तात्यांच्या माळावर कुसळं. मी फळ्यावर लिहिलं, 'माझी चूक. दुसरा समुद्र पाहिला नाही.' ते आठ दिवस पुसलं नाही. तेव्हापासून दोन ओळी, आणि एक नियम: अंदाज लिहायचा नाही. मोजलेलं लिहायचं, आणि लिहिलेलं दुसऱ्या सकाळपर्यंत पुसायचं नाही.

त्या नियमाची परीक्षा पुढच्या एका कोरड्या ऑगस्टात झाली. फळ्यावर सलग बाविसावं शून्य होतं. तिकडं घाटात पडलेला पाऊस कॅनॉलनं आमच्या तळ्यात आला आणि तळं भरलं. लगेच जलपूजन ठरलं. पाण्याला साडी, खण, नारळ. माणसांना मंडप, फेटे, आमदारसाहेबांचं भाषण. समारंभ डेअरीच्या पटांगणात.

आदल्या दिवशी डेअरीचे चेअरमन, ज्यांना गाव आबा म्हणतं, माझ्या घरी आले.

"बाई, उद्याच्याला तेवढं शून्य पुसा. साहेबांच्या मागं बरं दिसत न्हाय."

"पाऊस पडला तर पुसते."

"आवो, एका दिवसानं काय बिघडतं?"

"माझी चूक आठ दिवस लोकांनी वाचली, आबा. तुमच्या साहेबांनी शून्य तासभर वाचावं."

आबा चिडून गेले. दुसऱ्या सकाळी पाहते तर फळ्यावर साहेबांचा फ्लेक्स ताणून बांधलेला. हात जोडलेले, मागे धो धो पाऊस, खाली 'जलनायक'. हा पाऊस माझ्या मापकात आला नव्हता. साडेआठ वाजले होते. खडू फ्लेक्सवर उठत नाही, म्हणून आत जाऊन कॅनवर नंबर टाकायचा मार्कर आणला आणि जोडलेल्या हातांखाली लिहिलं, 'पाऊस ०.० मिमी. प्रशांत गरम. हिंदी महासागर अजून ठरवतोय.' शेवटचं वाक्य मोजलेलं नव्हतं. तेवढा नियम मोडला.

दुसरा फ्लेक्स आणायला वेळ नव्हता. साहेबांनी तळं आपल्या प्रयत्नांनी भरल्याचं पाऊण तास सांगितलं, आणि समोरचं गाव त्यांच्या मागचं वाचत बसलं. तात्या तर चष्मा पुसून पुन्हा वाचत होते.

मंडप उतरताच आबांनी फळा काढून माझ्यासमोर धरला. "ह्यो तुमचा समुद्र. आता घरी ठिवा. डेअरीत न्हाय चालायचा."

"द्या," मी म्हटलं. फळा डोक्यावर घेऊन भर पटांगणातून घरी आले आणि फाटकाशेजारच्या कडुलिंबाला टांगला. फ्लेक्स तात्यांनी मागून नेला. त्यांच्या कडब्याच्या गंजीवर साहेब अजून हात जोडून आहेत.

मला वाटलं होतं, फळा आता मी आणि कावळेच वाचणार. सकाळी आकडा लिहायला फाटकात आले, तर तात्या किटली घेऊन उभे. त्यांची वाट इकडून नाही.

"लई वाकडं पडतंय वो, बाई."

"समुद्र किती लांब आहे, तात्या?"

"ते ऱ्हाऊ द्या. आज किती?"

"शून्य," मी म्हटलं, आणि लिहिलं. तात्यांनी शांतपणे वाचलं, किटली उचलली आणि डेअरीत सांगायला गेले.