ढोलकीचा ट्रॅक

जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवण्याचं काम सोपं वाटतं, पण ते ज्यानं कधी केलं नाही त्यालाच. कॅसेट जेवढा वेळ वाजते तेवढा वेळ तिच्यापुढे बसावंच लागतं. माझं जुनं यंत्र चार ट्रॅकचं आहे. कॅसेटच्या दोन्ही बाजू ते एकदमच वापरतं आणि फीत दुप्पट वेगानं पळवतं. एका ट्रॅकवर ढोलकी, दुसऱ्यावर पेटी, तिसऱ्यावर झांजा, चौथ्यावर गाणारी. घरच्या साध्या टेपवर ती लावली तर अर्धं संथ वाजतं आणि अर्धं उलटं. कॉम्प्युटरमध्ये माझ्याकडून एका वेळी दोनच ट्रॅक जातात, म्हणून तीच कॅसेट दोनदा वाजवायची आणि मग दोन्ही तुकडे पडद्यावर जुळवत बसायचं. ते सरळ जुळत नाहीत. अशा तीन खोके कॅसेटी आहेत माझ्याकडे, आणि कंबर एकच.

यंत्राचा रबरी पट्टा इतक्या वर्षांत विरघळून डांबर झाला होता. तो खरवडण्यातच आठवडा गेला. कॅसेटींना पांढरी बुरशी, आतला फीत दाबून धरणारा फेल्टचा इवलासा तुकडा गळालेला. चिमट्यानं तो चिकटवायचा, स्पिरिटच्या बोळ्यानं यंत्राचं फीत वाचणारं हेड पुसायचं, दहा मिनिटांनी परत पुसायचं. बायको दारात उभी राहून म्हणते, "तुमी रिटायर होऊन राहिले का नवीन नोकरीले लागून राहिले?" सुरुवात कशाला केली, असं रोज वाटतं.

त्यात एक बाई आली. चोरखमाऱ्याकडच्या एका गावची, पन्नाशीला टेकलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत एकच कॅसेट. मी जुन्या कॅसेटी उतरवतो हे तिला तिरोड्याच्या बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. पाणी प्यायली आणि थेट मुद्द्यावर आली.

"काकाजी, हे माह्या मायनं गायलेली कॅसेट आहे. तुमच्याच इथं भरली होती. माय गेली दोन सालाआधी. आधार कार्डावरचा एक फोटू आहे, पन त्यात ते माय वाटतच नाई. आवाज पायजे मले."

मी कॅसेट हातात घेतली आणि लगेच ओळखली. दुकानात विकायला गेलेली, रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या गाण्यांची कॅसेट. वर रंगीत कागद, कागदावर दुसऱ्याच एका गायिकेचा चेहरा.

"आवाज तर आहेच की यात," मी म्हणालो. भेकड माणूस असाच बोलतो.

"थो मायचा नाई ना. माय म्हने, मशिनीत गेल्यावर आवाज असाच बदलते, गोड होते. आमच्या गावात सारे असंच म्हनत. आता कम्प्युटर आहे तं मशिनीचा गोडवा काढून टाका अन् असली आवाज द्या."

मी "पाहतो" म्हणालो. ती समाधानानं बसस्टँडकडे गेली, आणि मी खुर्चीतच बसून राहिलो.

मशीन आवाज बदलत नाही. आवाज मी बदलला होता.

तेव्हा राइस मिलच्या मागे माझी एक खोली होती. भिंतींना बारदाना ठोकून तिला मी स्टुडिओ म्हणत असे. गिरणीची घरघर तरी आत यायचीच. त्या बाईची माय तिथं आली तेव्हा तिनं ढोलकी जवळून कधी ऐकली नव्हती. रोवणीचं गाणं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिखलात वाकून, एकेक पाऊल मागे सरकत गातात. रोपं खोचणारा हात हाच त्याचा ठेका. ढोलकी हवी हा कॅसेटी काढून बाजारात विकणाऱ्या कॅसेटवाल्याचा हट्ट. त्यामुळे ती माय ढोलकीवाल्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि त्याच्या हाताकडे बघत गायली. त्याच्या हातात तिला आपला रोवणीचा हात दिसत असावा. मला तेव्हा हे काही सुचलं नाही. मला एवढंच दिसत होतं की तिचा आवाज ढोलकीच्या माइकमध्ये शिरतोय आणि माझा ट्रॅक खराब होतोय. मी तिच्यावर ओरडलो. एकदा नाही, बरेचदा.

चार दिवसांनी कॅसेटवाल्यानं ऐकलं आणि मान हलवली. "भैया, ये आवाज नहीं चलेगी। मीठी आवाज लाओ।" मीठी आवाज आली. तिला गायला ट्रॅक हवा होता आणि यंत्रावर ट्रॅक चारच. मी चौथ्यावरचा आवाज पुसून त्यावर नवीन भरला. दुसरी प्रत ठेवली नव्हती. गावाकडे निरोपही धाडला नाही, उगाच वाईट कशाला व्हा. माझ्या त्या गप्प बसण्यातून त्या माउलीनं स्वतःच्या समाधानासाठी मशिनीची गोष्ट रचली आणि मरेपर्यंत ती खरी मानली. याची मला लाज वाटते. तेव्हा वाटायला हवी होती.

कॅसेट देऊन गेलेल्या तिच्या मुलीचे फोन येत राहिले. "झालं का जी?" मी म्हणायचो, पट्टा तुटलाय, हेड घासलंय, लाईट नव्हती. कारणांना काय तोटा. चार ट्रॅकची मूळ कॅसेट तिसऱ्या खोक्यात तळाशी सापडली तरी ती लावायला माझा हात धजेना. सरळ सांगून टाकावं की काही उरलं नाही, असं ठरवूनच एका दुपारी लावली.

चौथ्या ट्रॅकवर गोड गळा, स्वच्छ. तिसऱ्यावर झांजा. दुसऱ्यावर पेटी आणि पेटीच्या भात्याची धाप. शेवटी नुसता ढोलकीचा ट्रॅक उघडला. घरघर आली, ढोलकी आली, आणि ढोलकीच्या मागून, शेजारच्या घरातून यावा तसा, एक जाड, खरखरीत बाईचा आवाज आला. मी हेडफोन कानांवर दाबले. ती होती. ज्या ट्रॅकमध्ये शिरल्याबद्दल मी तिच्यावर ओरडलो होतो, त्यातच ती राहिली होती. मला रडू आलं. बायको धावत आली, काय झालं म्हणून. मी म्हणालो, काही नाही, कॅसेट बरी निघाली.

पुढचे पाच दिवस मी तो आवाज वर आणत बसलो. ढोलकीची थाप दाबली की तिचाही दम दबतो; घरघर काढली की शब्दांच्या कडा जातात. अर्धं काढलं आणि अर्धं परत घातलं. दोन गाण्यांच्या मधे बोलणंही होतं, आणि त्यात मी होतो, चिडलेला, तरुण. ते कापायला माऊसची एक टिचकी पुरली असती. मी तिथं खूण केली आणि उद्या कापू म्हणून झोपलो.

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलगी आली. मी हेडफोन तिच्या कानांवर चढवले आणि दुसरीकडे बघत बसलो. स्पीकरही चालूच होता. गाणं झालं. मग माझा आवाज आला, "बाई, किती वेळा सांगू? मागं सरका!" आणि लगेच तिच्या मायचा, ढोलकी थांबलेली म्हणून एकदम जवळचा, "दिवसभर बांधीत मागंच सरकतो भाऊ. इथं नाई सरकत मी."

मुलीनं तोंडावर पदर धरला. हसत होती की रडत होती, मला कळेना. मी सगळं सांगितलं. मशिनीचं काही नव्हतं, आवाज मीच पुसला, माय सरकली नाही म्हणून एवढा तरी उरला.

तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "माय मरेपर्यंत मशिनीलेच दोष देत होती."

"माझं बोलणं कापून देतो," मी म्हणालो. "नुसती गाणी ठेवतो."

"कापू नोका." ती सरळ माझ्याकडे बघत होती. "तुमचं ओरडनं राहू द्या. नाई तं माय कोनाले बोलून राहिली, हे माह्या पोराईले कसं समजंल?"

मी काहीच कापलं नाही. सगळं जसंच्या तसं तिच्या पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं.