कोरड्या विहिरीची कळशी

आधीच सांगते — भुतंखेतं, बाहेरचं, जागेवाला... यातलं मी कधीच काही मानलं नाही. रोपाला कीड लागली की मी औषध मारते, दृष्ट काढत नाही. बागकाम हा माझा धंदा. राहते मुंबईत, मरोळच्या गावठाणात. आम्ही ईस्ट इंडियन कॅथलिक, इथले मूळचे.

घराजवळच एका जुन्या बंगल्याची बाग आहे. बंगला कधीच पडला, बाग उरली... म्हणजे रान, डेब्रिज आणि बाटल्या! ती मी साफ करायला घेतली, तेव्हाच जागेची मालकी असलेल्या ट्रस्टच्या साहेबांनी बजावलं होतं, "मे महिन्यात लोकांसाठी उघडा. लोक आले तर बाग, नाहीतर पार्किंग."

म्हटलं, बघतेच!

वाटा मोकळ्या केल्या, बकुळी छाटल्या, कारंज्याचा हौद दुरुस्त केला. बुजवलेली विहीरही तळापर्यंत उपसली, पण तिला थेंबभर पाणी नव्हतं. टँकरच्या पाण्यावर गुलाबांनी माना टाकल्या. मी पुन्हा नवे लावले.

त्यातच माझी चुलत बहीण शेरल हिचं लग्न आलं. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. त्याला म्हणतात उंबराचं पाणी. हल्ली विहिरीच बुजल्यात, म्हणून लोक अंगणात निळा ड्रम भरून ठेवतात आणि त्यालाच विहीर म्हणतात.

माझी आय म्हणाली, "ड्रमबिम नको गो. माझ्या लग्नाचा पानी त्याच बागेतल्या विहिरीचा होता. तिथंच जायचा."

"आय, ती कोरडी आहे गं! कळशीत दगड आणणार का?"

"तू फाटक उघड. बाकी आमी बघू."

म्हटलं, जाऊ दे, त्या निमित्ताने गर्दी तरी होईल. उद्घाटन त्याच दिवशी ठेवलं. सकाळी शिडी लावून मी स्वतः विहिरीत उतरले होते. तळाला नुसती धूळ, चपला पांढऱ्या झाल्या.

उन्हं उतरल्यावर ब्रास बँडमागून अख्खं गावठाण आत आलं, आजूबाजूच्या सोसायट्यांतले लोकही आले. साहेब कारंज्यापाशी उभे. आयने रीतीप्रमाणे विहिरीत थोडी वाइन ओतली, काहीतरी पुटपुटली आणि कळशी खाली सोडली. आता चारचौघांत हसं होणार, म्हणून मीच पुढे होऊन दोर धरला.

दोर जड लागला.

कळशी वर आली ती काठोकाठ भरलेली. थंडगार, स्वच्छ पाणी. आय शांतपणे म्हणाली, "दुसरी सोड."

सगळ्या कळश्या भरल्या. लोकांना वाटलं, मीच आधी टँकर रिकामा केला असणार. साहेबसुद्धा म्हणाले, "झकास आयडिया, मॅडम! पार्किंगचं विसरा."

बायका पाणी घेऊन गेल्यावर मी आत टॉर्च मारला. तळाला धूळ... आणि तिच्यात माझ्या चपलांचे सकाळचे ठसे जसेच्या तसे. बादली सोडली, तर खडे आले. मी कठड्यावर बसून रडले. भीतीने की आनंदाने, अजून कळलेलं नाही.

नंतर पाणी शोधणारा माणूस आणला. त्याने विहिरीत कॅमेरा सोडला आणि म्हणाला, "इथे काही नाही, मॅडम. टँकरच मागवा." मागवते. गुलाबांसाठी एकदा गुपचूप वाइनही ओतून बघितली... खडेच आले!

मला याचा अर्थ लागलेला नाही. तुम्हाला लागला तर जरूर कळवा. गावठाणातले निळे ड्रम मात्र बंद झालेत. लग्न असलं की आदल्या दिवशी बागेचं फाटक सताड उघडं असतं, कोणीही या. सकाळी तळ कोरडा आहे ना, ते मी उतरून बघते. संध्याकाळी दोरही मीच धरते.