गीताबाईचं मत आणि स्वरूपची ओव्हर

उन्हाळ्यात भाटघर धरणाचं पाणी मागं सरकलं, की काठाला गाळाची सपाट जमीन उघडी पडते. मग पोरं तिच्यावर रोलर फिरवतात, चुन्याच्या रेघा मारतात आणि शेजारच्या सारोळे गावाला क्रिकेटच्या सामन्याचा निरोप धाडतात, की या आता. त्याच दिवशी गीताबाईही आपली शेगडी आणि कढई घेऊन मैदानाच्या कडेच्या बाभळीखाली ठाण मांडते. धंदा म्हणाल तर चहा आणि कांदाभजी. पण खरी मागणी तिच्या मताला, आणि ते ती न मागताच देते.

गीताबाईचं माहेर सारोळे. तिचा धाकटा भाऊ बाजीराव दरवर्षी सारोळ्याची टीम स्वतःच्या टेम्पोत घालून आणतो, बहिणीकडे जेवतो आणि मग जाऊन दोरीच्या पलीकडे सारोळेकरांत बसतो. "सासरचं पाणी प्याले त्या दिशीच म्या टीम बदलली," असं ती त्याला तोंडावर सांगते. सारोळ्याकडून हरलं, की दोन दिवस तिच्या चहात साखर कमी पडते. गिऱ्हाईक काही बोलत नाही, कारण बोलायची सोय नसते.

भाटघरचा बोलर स्वरूप हा तर तिचाच शोध. शाळेत असताना तो तिच्या परसातल्या चिंचेला दगड मारायचा. एकदा तिनं त्याला कानाला धरलं आणि घरी नेण्याऐवजी थेट कप्तान हनुमंतापुढे उभं केलं. "ह्याला टीममधी घ्या. जी चिंच म्हणंल तीच पाडतोय मेला." हनुमंतानं घेतलं. पुढे दोन उन्हाळे स्वरूपनं भल्याभल्यांच्या दांड्या उडवल्या आणि गीताबाई गावभर सांगत फिरली, की माणूस ओळखावा तर असा.

यंदा मात्र पोराचं काहीतरी बिनसलं होतं. सरावालाही त्याचा चेंडू स्टंपाच्या वाटेला जाईना. सगळे वाईड. गीताबाईनं कारणं ताबडतोब शोधून काढली. एक म्हणजे रनअप लांब, पळून पळूनच दम जातो. दुसरं म्हणजे मोबाईल. तिसरं वडापाव, आणि चौथं ते कपाळावर आलेले केस, ज्यांतून त्याला स्टंप दिसणार तरी कसे? ही चारही मतं तिनं स्वरूपला चहा देताना ऐकवली. तो "व्हय काकू" म्हणून कप ठेवून गेला. बिचाऱ्यानं केसही कापून घेतले, तरी वाईड ते वाईडच.

सामन्याच्या सकाळी हनुमंत चहाला थांबला. "काकू, आज चाललं तर चाललं. न्हाईतर पुढच्या साली मी दुसरा बघतो."

"बघा की! म्या काय त्याची आजी हाय व्हय?" गीताबाई फणकारली. पण तिनंच कान धरून आणलेलं पोर होतं ते. ते असं मान खाली घालून मैदानाबाहेर गेलेलं तिला बघवणार नव्हतं. त्या नादात भज्यांचा पहिला घाणा करपला.

सामना रंगला आणि ऐन मोक्याला समालोचन करणाऱ्या पप्पूचा घसा बसला. गावात त्याच्या खालोखाल मोठा आवाज कुणाचा, याबद्दल दुमत नव्हतंच. पप्पूनं माईक आणून गीताबाईच्या हातात दिला आणि घोगऱ्या आवाजात बजावलं, "काकू, ह्याचं बटण मोडलंय, कायम चालूच असतोय. मधी काय खासगी बोलायचं झालं तर वर तळवा दाबून धरायचा." गीताबाई "व्हय व्हय" म्हणाली. एका हातात माईक, दुसऱ्या हातात झारा. तळवा दाबायला तिसरा हात कुठून आणणार, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

शेवटची ओव्हर आली. सारोळ्याची शेवटची जोडी खेळत होती आणि त्यांना नऊ धावा हव्या होत्या. बाकीच्या बोलरांच्या ओव्हर संपल्या होत्या, म्हणून हनुमंतानं नाइलाजानं चेंडू स्वरूपकडे दिला. समोर होता प्रेम, बाजीरावाचा मुलगा, म्हणजे गीताबाईचा सख्खा भाचा.

पहिला चेंडू वाईड, दुसरा वाईड, तिसराही वाईड. सारोळेकर शिट्ट्या मारायला लागले. हनुमंतानं डोक्याला हात लावला. गीताबाई मात्र डोळे बारीक करून बघत होती, आणि बघता बघता तिच्या हातातला झारा थांबला. शेजारी बनाबाई कांदा चिरत बसली होती. गीताबाई तिच्याकडे वळली.

"बने, बघितलंस का? समदे बॉल प्रेमपासनं लांबच चाललेत. आंगाच्या बाजूला एक न्हाई. हात बिघडला न्हाई गं त्याचा, भेतंय ते पोर! गेल्या साली ह्याच्याच बॉलनं प्रेमचा दात पाडला न्हवं? बॉल जमिनीच्या भेगंतनं उसळला, त्यात ह्याची काय चूक? आन् आमी मेले त्याच्या वडापावाला नावं ठेवतोय. लेकराला कुणी इचारलं का, बाबा तुला काय हुतंय म्हणून?"

भोंग्यातून प्रत्येक शब्द मैदानभर गेला, पाण्यावरून पलीकडच्या काठालाही ऐकू आला. बनाबाई विळीवरचा हात तसाच ठेवून डोळ्यांनी माईक दाखवत होती. गीताबाईनं हातातल्या माईककडे बघितलं. झारा कढईत पडला.

शिट्ट्या थांबल्या. स्वरूप चेंडू हातात धरून जमिनीकडे बघत उभा होता. त्यानं बाहीनं तोंड पुसलं. आता हा चेंडू टाकून देतो आणि घरी जातो, असंच गीताबाईला वाटलं, आणि ते आपल्या जिभेमुळे, हेही वाटलं.

तेवढ्यात प्रेमनं बॅट काखेत मारली आणि बोटानं पुढचा दात वाजवून दाखवला. "आरं स्वरूप, टाक की सरळ! ह्यो नवा हाय, जुन्यापरीस घट्ट. आजच आत्याच्या घरी मटणाची नळी फोडलीया ह्यानं!"

दोन्ही गावं हसली. स्वरूपनं वर बघितलं, आधी प्रेमकडे, मग बाभळीकडे, आणि तोही हसला. यंदाच्या उन्हाळ्यात त्याला या मैदानावर हसताना कुणी पाहिलं नव्हतं. तो मागं गेला, त्याच लांब रनअपच्या टोकापर्यंत, आणि पळत आला. चेंडू सुतासारखा सरळ प्रेमच्या पायांशी पडला. प्रेमनं बॅट खाली आणली, पण तोवर मधली दांडी जमिनीवर आडवी झाली होती.

भाटघर जिंकलं. पोरांनी स्वरूपला खांद्यावर घेतलं. हनुमंत धावत जाऊन त्याच्या पाठीत आनंदानं गुद्दे घालू लागला. समालोचन ऐकायला सगळ्यांचे कान भोंग्याकडे लागले, तर भोंग्यातून नुसता नाक ओढल्याचा आवाज येत होता.

बाजीराव दोरी ओलांडून बहिणीजवळ आला. हरल्याचं तोंड केलं होतं, पण ते नीट जमलं नव्हतं. "आक्का, बोल की काईतरी. समदा गाव वाट बघतोय."

गीताबाईनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि माईक तोंडाशी धरला.

"रनअप अजून लांबच हाय त्याचा."