साडूभाऊंची रायफल आणि माझा एक इंच

अमेरिकेत आलेल्या समस्त मराठी माणसांत माझ्या साडूंइतका अहिंसक माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्या तळघरात होती तितकी काडतुसंही दुसऱ्या मराठी घरात पाहिली नाहीत. ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं शिकागोजवळ शॉमबर्गला राहायचो, दोन सख्ख्या बहिणींचे नवरे, मध्ये दोन गल्ल्यांचं अंतर. घरात कोळी निघाला तर साडूभाऊ त्याला जुन्या पोस्टकार्डावर घेऊन अंगणात सोडत, आणि हिवाळा असेल तर गॅरेजमध्ये. रायफल होती ती फक्त कागदाला भोकं पाडण्यासाठी. नेमबाजीच्या रेंजवर बाकीचे शिकारीच्या गप्पा मारत हॉटडॉग खात, तेव्हा हे डब्यातलं थालीपीठ काढत. "हरणानं माझं काय वाकडं केलंय?" असं मला मराठीत विचारून घेत, म्हणजे कोणी दुखावायला नको.

तयार काडतुसं विकत घेणं त्यांना हॉटेलातून वरण-भात मागवण्यासारखं वाटे. रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, तिच्या बुडात प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टिकली, बसवायचा, बारुदाची पावडर तोलून ओतायची आणि वर गोळी दाबायची, हे सगळं ते पापड लाटावेत तितक्या मन लावून करत. तराजू इतका नाजूक की तोलणं चालू असताना त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या ताईंना, जिन्यात शिंकायची बंदी होती. ताईंनी त्याचा सूड वेगळ्या रीतीनं घेतला. पुंगळ्यांना चकाकी आणायला साडूभाऊंनी एक थरथरतं भांडं आणलं होतं, त्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा असे. दिवाळी आली की ताई त्यात निरांजनं, घंटा आणि रांगता बाळकृष्ण टाकून मोकळ्या होत. "आधी देव, मग काडतुसं," एवढाच साडूभाऊंचा नियम होता.

गोळीचा वेग मोजायला एक यंत्र होतं. लाकडी पट्टीवर दोन डोळे, बरोबर दोन फुटांच्या अंतरावर. गोळी दोन्हींवरून गेली की यंत्र मधला वेळ मोजे आणि अंतर दोन फूट धरून वेग सांगे. साडूभाऊंची गोळी सेकंदाला सत्तावीसशे फूट जायची, पुस्तकात लिहिलंय अगदी तेवढीच, आणि ते ऐकून त्यांचा चेहरा मुलगी पहिली आल्यासारखा व्हायचा. आकडे वहीत लिहायचं काम माझं.

एका मे महिन्यात गाडीची डिकी आपटताना मी ती पट्टी मोडली. नवी करून देतो म्हणालो. आमच्या घरातली टेप बायकोच्या शिवणाच्या डब्यातून पुण्याहून आलेली. तिचा पहिला इंच केव्हाच तुटला होता. त्यामुळे काहीही मापून कापताना एक वाढवायचा, चोवीस हवे तर पंचवीसच्या खुणेपर्यंत जायचं, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. नेमकी त्याच आठवड्यात बायकोनं नवी टेप आणली. मी नव्या टेपनं मोजलं आणि सवयीनं एक वाढवला. डोळ्यांची भोकं चोवीसऐवजी पंचवीस इंचांवर पडली, आणि मी ती पट्टी पॉलिश करून मोठ्या दिमाखात साडूभाऊंच्या हाती दिली.

पुढच्या रविवारी यंत्र म्हणालं, पंचवीसशे नव्वद.

तो उन्हाळा साडूभाऊंनी त्या हरवलेल्या एकशे दहा फुटांमागे घालवला. तराजू तपासला. प्रायमर बदलले. पावडरचा नवा डबा फोडला. काडतुसं एकदा बर्फाच्या पेटीत ठेवून मारली, एकदा उन्हात. गोळी किती खोल दाबली जाते ते मोजलं. रायफलची नळी, म्हणजे बॅरल, इतकी घासली की ताई म्हणाल्या, "आमच्या कढईच्या नशिबी कधी एवढं आलं नाही." आकडा हलेना. रेंजवरच्या एका म्हाताऱ्या गोऱ्यानं पट्टीकडे बोट दाखवून विचारलं, अंतर मोजलंस का? साडूभाऊ ताठ झाले. "माय साडू मेड इट," म्हणाले. त्याला साडू म्हणजे काय ते कळलं नसावं, पण त्यानं बोट मागे घेतलं.

ऑगस्टमध्ये मी पडद्यांचं कापड मापून कापलं. शिवून झाल्यावर ते जमिनीवर लोळायला लागले. बायको म्हणाली, "अहो, नवी टेप आहे ना ही, एक कशाला वाढवलात?" तेव्हा मला ती पट्टी आठवली.

त्याच शनिवारी साडूभाऊ म्हणाले, "आता थोडी पावडर वाढवून बघतो." तिथे मी बोलायला हवं होतं. पावडर जास्त झाली तर रायफल तोंडाजवळ फुटू शकते, हे मला त्यांनीच शिकवलेलं. पण दोन्ही बहिणींसमोर माझी फजिती होईल, या एका कारणासाठी मी म्हणालो, "बघा, थोडीच वाढवा." त्यांनी थोडी थोडी वाढवली, पुस्तकातल्या शेवटच्या आकड्यापर्यंत. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट, म्हणजे रायफलची मागची खिट्टी, अडकला, दोन्ही हातांनी ओढावा लागला. बाहेर आलेल्या पुंगळीचा प्रायमर चपटा झाला होता, म्हणजे आतला दाब हद्दीला पोचला होता. साडूभाऊंनी तो बराच वेळ बघितला. "पुस्तकापुढे मी जाणार नाही," म्हणाले. "बॅरल झिजली. वय झालं तिचं."

रायफल त्यांनी त्या म्हाताऱ्याला देऊन टाकली, वर 'बॅरल झिजलेली आहे' अशी प्रामाणिक चिठ्ठी बांधून. पुन्हा काडतूस भरलं नाही, आणि यंत्राची पट्टी आठवण म्हणून मला परत दिली. ते थरथरतं भांडं मग फक्त देवांपुरतं उरलं.

गेल्या महिन्यात कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला त्यांच्या मुलीकडे गेलो. साडूभाऊ नव्वदीला टेकलेत. ताई आता नाहीत, माझी बायकोही नाही. फजिती करायला कोणी उरलं नाही. चहा झाल्यावर सगळं सांगून टाकलं.

"पंचवीस?" त्यांनी विचारलं.

"पंचवीस."

डोळे मिटून त्यांनी ओठांतल्या ओठांत हिशेब केला. "म्हणजे सत्तावीसशेच जात होती."

"हो."

मी बोलणी खायला तयार होतो. "आणि मी तिला झिजलेली म्हटलं हो," ते म्हणाले. "लिहून दिलं वर."

निघताना त्यांनी विचारलं, "ती पट्टी आहे का अजून?"

"आहे, माळ्यावर."

"पुढच्या वेळी आणा. मोजून बघू एकदा."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझं काम तपासायला मागितलं.