पेल्यावरचं नाव

त्या रविवारी शहराबाहेरच्या बोम्मसंद्रात मला जो धक्का बसला, तो मी अजून विसरलेले नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट... होसूर रोडला तेव्हा कारखाने होते आणि बाकी नुसती धूळ.

मी शहरात मल्लेश्वरममधल्या एका संस्थेत हौसेनं काम करायचे. सांभाळासाठी दुसऱ्या कुटुंबात ठेवलेली मुलं आईबापांकडे परत पाठवायची का, हे ठरण्याआधी घर बघून यायचं, हे माझं काम. महादेवी निपाणीकडची, मराठी बोलणारी... म्हणून तिचं घर माझ्या वाट्याला आलं.

नवरा सोडून गेलेला, ही गावात नवी. मुलांना खोलीत कोंडून कामावर जायची. एकदा रत्ना आणि बसू दोघंही आत तापानं फणफणलेली सापडली, आणि बालकल्याण मंडळानं त्यांना मल्लेश्वरमच्या एका घरी ठेवलं. तिथली मावशी त्यांना जीव लावत होती. मुलांनी तिथंच राहायचं की आईकडे यायचं, हे आता बरंचसं माझ्या अहवालावर होतं.

खोली बघून मी खूश. कॉट, टेबलफॅन, स्टोव्हवर कुकर, मांडणीत चकचकीत भांडी. "बसा की अक्का," म्हणत महादेवीनं चहा दिला. मनातल्या मनात मी होकार देऊनही टाकला.

तेवढ्यात पेल्यावर कोरलेलं नाव दिसलं. कानडी अक्षरं मी अडखळत वाचते... शारदम्मा. बशी फातिमाची. कुकरच्या झाकणावर भलतीच कुणी गौरी.

मी सुन्न झाले. सगळा देखावा माझ्यासाठी मांडला होता तर.

"यातलं तुझं काय आहे गं?" माझा आवाज चढला. मला फसवल्याचा भयंकर राग आला होता.

तिचा चेहरा पडला. "काय बी न्हाई, अक्का. मोकळी खोली बघून तुमी पोरं दिली असती व्हय?" मग कॉटखालून तिनं दोन छोट्या ताटल्या काढल्या. एकीवर रत्ना, दुसरीवर बसू. "ह्या तेवढ्या माज्या."

मी निघायला उठले. वळले तर दारात तीन बायका उभ्या... महादेवीनं नावं घेतली, तर पेला, बशी आणि कुकरवाल्याच. भांडी न्यायला आल्या असतील, असं मला वाटलं.

शारदम्मा कानडीत म्हणाली, "पोरं परत आली की दिवसा माझ्याकडे, हिची रात्रपाळी असली की फातिमाकडे. आमचं कधीच ठरलंय. तुम्ही भांड्यांचं काय घेऊन बसलात?"

दुसरा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता.

अहवालात मी सगळं खरं लिहिलं. मंडळातले एक गृहस्थ भडकले, "घरात स्वतःचा पेला नाही, आणि मुलं परत द्या म्हणता?"

मी म्हटलं, "मुलं कोंडलेली होती, तेव्हा शेजारी कोण राहतं हेही हिला माहीत नव्हतं. आता शेजारणींची नावं हिच्या घरातल्या भांड्यांवर आहेत." बराच वाद झाला... पण मुलं घरी गेली.

पुढे एकदा बघायला गेले, तर चहा पुन्हा शारदम्माच्याच पेल्यात आला. तिनं तो परत नेलाच नव्हता.

मुलं फातिमाच्या उंबऱ्यावर जेवत होती, आपापल्या ताटल्यांत. त्या तिघींचे उपकार महादेवीइतकेच मीही मानते... त्या दारात आल्या नसत्या, तर मी 'नाही' लिहून मोकळी झाले असते.